हिवरधरा, बोला

मृत्यूपुढे सगळं थांबतं, असं शोकसभेत म्हणण्याची पद्धत आहे, आणि शरच्चंद्र हरकरे याने कॉलेजात असताना एका प्राचार्यांच्या शोकसभेत हे वाक्य आवाज किंचित कापरा करून म्हटलंही होतं. प्रत्यक्षात हिवरधऱ्याचा स्टेशनमास्तर मेला त्या दुपारी छोट्या लाइनीवर एकच पॅसेंजर थांबली, आणि तीही लाइन द्यायला मास्तर जागेवर नव्हता म्हणून. बातमी शरच्चंद्रच्या कानात आली तेव्हा त्याच्या हातात निळी पेन्सिल होती. हिवरधऱ्याचा पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाला, फोनवर ओरडून म्हणाला, "साहेब, गिरिधरराव गेले जी!" शरच्चंद्रने विचारलं, "कोण गिरिधरराव? आणि गेले कुठे? मास्तर उठले का ते सांग." मग जांबघाटचा मास्तर मध्येच, न विचारता, हळू आवाजात म्हणाला, "कंट्रोल, आपला हिवरधरा वारला वाटते." तेव्हा कुठे शरच्चंद्रला कळलं की हिवरधऱ्याला नाव होतं.

यात त्याची काही चूक नव्हती, असं तो त्या संध्याकाळी नागपूरच्या रस्त्यांवरून सायकल हाकताना स्वतःला समजावत राहिला. कंट्रोलचं, म्हणजे नागपुरात बसून सगळ्या लाइनीच्या गाड्या थांबवायचं-सोडायचं, कामच तसं होतं. एक खोली, खिडकीला पाणी मारलेली वाळ्याची ताटी, टेबलावर चौकटींचा हा एवढा मोठा कागद, त्यावर गाड्यांच्या तिरप्या रेघा, आणि कानांवर हेडफोन. नागपुरापासून डोंगरापर्यंत जेवढी म्हणून बारकी स्टेशनं होती तेवढी सगळी एकाच तारेला टांगलेली. एका स्टेशनावर बोललेलं सगळ्या स्टेशनांवर ऐकू जाई. म्हणून नियम असा की एका वेळी एकच तोंड, आणि कोणतं ते कंट्रोल ठरवणार. "सालईमेटा, बोला." "जांबघाट, थांबा." "हिवरधरा, बोला." अकरा वर्षं तो हेच म्हणत आला होता. माणसांना तिथे नावं नव्हती, वयं नव्हती, जाती नव्हत्या, टकलं नव्हती. समाजसुधारकांना जे जमलं नाही ते रेल्वेच्या एका तारेने करून टाकलं होतं, आणि त्याचं श्रेय कोणी मागितलं नव्हतं. सालईमेटा म्हणजे एक बारीक, नाजूक, जरा देवळातला वाटावा असा आवाज. जांबघाट म्हणजे मोटेसारखा गडगडाट. आणि हिवरधरा म्हणजे नुसता आवाज नव्हता. हिवरधरा म्हणजे एक संसार होता.

त्याचं कारण बटण. फोनच्या दांड्यावर एक बटण असे. ते दाबलं की बोलणं तारेवर जाई, सोडलं की बंद. हिवरधऱ्याचं बटण दोन वर्षांपूर्वी दाबलेल्या अवस्थेत अडकलं ते अडकलंच. पहिल्या महिन्यात शरच्चंद्रने रीतसर तक्रार केली. दुरुस्तीवाला गेला, चहा पिऊन बटण मोकळं करून आला. त्यानंतर दोन दिवस लाइन अशी काही मुकी झाली की जांबघाटने विचारलं, "कंट्रोल, वायर तुटला का गा कुठं?" तिसऱ्या दिवशी हिवरधऱ्याच्या कोंबड्या पुन्हा ऐकू यायला लागल्या. हिवरधऱ्याने बटणात काडेपेटीची काडी खोचली होती. तंबाखू मळायला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणाला. कोणी पुन्हा तक्रार केली नाही. शरच्चंद्रनेही नाही. तेव्हापासून त्याच्या कानात, कागदावर रेघा ओढताना, हिवरधरा सतत पाझरत असे: स्टोव्हचा आवाज, पितळी परातीत पीठ मळताना परात फरशीवर घासल्याचा आवाज, बांगड्या, एका बाईचा ढास लागणारा खोकला. क्वार्टर उन्हात भट्टीसारखं तापे म्हणून ती बाई दिवसभर स्टेशनच्या थंड खोलीतच बसे, तिथेच निवडणं-टिपणं, स्वयंपाकही करी. "अजी, डाळीत खडे आहेत पहा." "असतील." "खाताना मंग मले म्हणू नोका." एवढंच. पण नागपुरात, गाडी अर्धा तास लेट असताना, एवढं पुष्कळ होतं. शरच्चंद्रला त्या डाळीची काळजी वाटे. घरी प्रेमलता त्याला जेवताना काही सांगत असे आणि शेवटी म्हणत असे, "काय म्हटलं मी आत्ता?" आणि ते त्याला कधीच सांगता येत नसे. दिवसभर कान वापरून झालेले असत. हिवरधऱ्याच्या बायकोने कोणत्या दिवशी कोणती भाजी चिरली ते मात्र तो सांगू शकला असता. हे थोडं विचित्र आहे, असं त्याच्या मनात येई. मग कुठली तरी गाडी सुटे आणि ते राहून जाई.

मरणाच्या पंधराएक दिवस आधी ते भांडण झालं. भांडण म्हणण्यासारखं काही नव्हतं, कारण त्यात एकच माणूस बोललं. दुपारची वेळ, लाइन रिकामी, नऊ-दहा स्टेशनांवर नऊ-दहा माणसं कानाला फोन लावून बसलेली, आणि हिवरधऱ्याच्या खोलीतून बाईचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली, खोकला आवरून: "त्या भोंग्यात तुम्ही दिवसभर बोलता. हसता. जांबघाटच्या म्हशीची चौकशी करता. माह्याशी काहून नाही बोलत? चौदा वर्ष झाले मी या रुळाच्या बाजूले बसून राहिली. मी काय सिग्नल आहे का जी?" मग हिवरधरा म्हणाला, "गाडी येऊन राहिली वं." गाडी येत नव्हती. ते शरच्चंद्रला माहीत होतं. त्याच्या कागदावर त्या चौकटी कोऱ्या होत्या. खरं तर नऊ-दहा जणांना ते माहीत होतं. कोणीही बोललं नाही. नियम होता: कंट्रोलने म्हटल्याशिवाय बोलायचं नाही, आणि कंट्रोलने काही म्हटलं नाही. संध्याकाळच्या पॅसेंजरने ती सावनेरला, भावाकडे, निघून गेली. तेही ऐकू आलं. ट्रंक प्लॅटफॉर्मवर ओढत नेल्याचा आवाज, आणि त्यावर हिवरधऱ्याचा आवाज, अगदी नियमाप्रमाणे: "कंट्रोल, पॅसेंजर सुटली."

पुढचे दिवस तारेवर एक विलक्षण प्रकार झाला. लाइनच त्या बाईची वाट पाहू लागली. सकाळी सालईमेटा आपल्या नाजूक आवाजात म्हणे, "सोमवारी येतील हो वहिनी." जांबघाट गडगडे, "येतेच! सोमवारी गाडीले गर्दी बी कमी राहते." सोमवार आला, गेला. मग पुढचा सोमवार धरण्यात आला. हिवरधरा यावर "हूं" म्हणे. फक्त हूं. तो तिच्याविषयी चांगलं बोलला नाही, वाईट बोलला नाही, रागावला नाही, की हळहळला नाही. उलट तो जांबघाटच्या म्हशीची चौकशी अधिकच आस्थेने करू लागला. शरच्चंद्र त्या हूंचा अर्थ लावत बसे. एखाद्या संध्याकाळी त्याला वाटे, ही हूं पश्चात्तापाची आहे. दुसऱ्या दिवशी तीच हूं तंबाखूची वाटे.

आणि मग त्या दुपारी हिवरधरा पॅसेंजरची वेळ देता देता म्हणाला, "कंट्रोल, थांबा, आलोच. दूध उतू चाललं." काही तरी पडल्याचा आवाज झाला. नंतर दूध उतू गेल्याचं ऐकू आलं, स्टोव्हवर चर्र झालेलं, आणि कोंबडी. सगळी लाइन ऐकत होती. "हिवरधरा, बोला," शरच्चंद्र म्हणाला. "हिवरधरा, बोला." स्टोव्हचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्याने जांबघाटला गाडी रोखायला सांगितलं, पॉइंट्समनला हाका मारल्या, दवाखान्याला कळवलं, डॉक्टर रुळांवरच्या ट्रॉलीने पाठवला. सगळं बरोबर केलं, कुठेही विसर पडला नाही. कागदावर पॅसेंजरची रेघ हिवरधऱ्याच्या अलीकडे, जांबघाटपाशी, आडवी झाली. गाडी थांबली की रेघ आडवी ओढायची असते. तिला कारण लिहायचं असतं. त्याने लिहिलं: मास्तर अनुपस्थित.

संध्याकाळी सालईमेटाने ठराव मांडला की दोन मिनिटं लाइन शांत ठेवून श्रद्धांजली वाहावी. कोणी विरोध केला नाही. "सर्व स्टेशनांनी शांतता पाळावी," शरच्चंद्र म्हणाला, आणि हे वाक्य एरवी तो दिवसातून दहा वेळा चिडून म्हणत असल्यामुळे त्यात दुःख आणायला त्याला वेगळा प्रयत्न करावा लागला. शांतता झाली. म्हणजे बाकी सगळे गप्प झाले आणि हिवरधरा ऐकू यायला लागला. काडी अजून बटणातच होती. पुरुषांची कुजबुज. बांबू आपटल्याचा आवाज. कोणी तरी म्हणालं, "सरका, सरका, गाडीतून उतरल्या." आणि मग, अगदी फोनजवळ, तो खोकला. ढास लागली, थांबली. रडणं नाही, काही नाही. तारेवर कोणाला तरी राहवलं नाही. "आल्या," कोणी तरी म्हणालं. आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. शरच्चंद्रला लाज वाटली, कारण क्षणभर त्याला चक्क बरं वाटलं होतं. तेवढ्यात वरच्या टोकाकडून एका गार्डाने फोन उचलून आरोळी ठोकली, "अरे कंट्रोल! आम्हाले लाइन भेटून राहिली का नाही? का इथंच स्वयंपाक मांडू?" श्रद्धांजली तिथे संपली.

तेराव्याला जायचं ठरलं ते कोणी ठरवलं, ते सांगता येत नाही. ड्यूट्या बदलून घेतल्या गेल्या. प्रेमलताने भांडणापासूनची हकीकत ऐकून घेतली, डबा दिला आणि विचारलं, "तुमची कोण ती बाई?" "कोणी नाही." "मग तिला काय सांगणार आहात?" तो म्हणाला, "सांगायचं काय असतं? बसायचं, उठायचं." प्रेमलता म्हणाली, "ती विचारील ना. मी गेल्यावर काय म्हणाले, म्हणून. मी असते तर तेच विचारलं असतं, दुसरं काही नाही." त्याने हे मात्र ऐकलं. छोट्या लाइनीच्या त्या डुलणाऱ्या डब्यात, खिडकीतून येणाऱ्या कोळशाच्या कणांनी डोळे चुरचुरत असताना, तो एवढाच विचार करत राहिला. काय म्हणाले? काहीच म्हणाले नाहीत. हूं म्हणाले. दूध उतू चाललं म्हणाले. चौदा वर्षं संसार केलेल्या बाईला तुमचा नवरा शेवटी दुधाविषयी बोलला असं सांगायला माणूस फार सज्जन तरी लागतो किंवा फार निर्ढावलेला, आणि तो यांपैकी कोणता आहे हे त्याने आजवर तपासून पाहिलेलं नव्हतं. अकरा वर्षं ज्या स्टेशनांच्या नावांखाली त्याने रेघा ओढल्या ती स्टेशनं एकेक करून खिडकीतून गेली. एक बाकडं, एक कडुनिंब, एक पाटी. कानात होती त्यापेक्षा ती बरीच लहान निघाली.

हिवरधऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर पाच-सहा माणसं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी होती, परके असल्यासारखी, आणि ती होतीच परकी. एक आडदांड, पैलवानी मानेचा गृहस्थ घाम पुसत होता. शरच्चंद्रने त्याच्याकडे पाहून मनात म्हटलं, जांबघाट. तेवढ्यात तो गृहस्थ बारीक, देवळातल्या आवाजात म्हणाला, "पाणी मिळेल का हो कुठे?" तो सालईमेटा होता, नाव महादेवराव. आणि त्याच्यामागून एक काटकुळा, कानटोपीवाला माणूस गडगडला, "नळ तिकडं आहे नं, मास्तर!" त्याबरोबर सगळ्यांच्या माना वळल्या. मग एकेक जण तोंड उघडू लागला आणि ओळखी पटू लागल्या. "तुम्ही कंट्रोल?" काटकुळ्याने, म्हणजे जांबघाटच्या रामाजीने, शरच्चंद्रला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मले वाटलं तुम्ही गोरे असान."

क्वार्टरमध्ये सतरंजी अंथरलेली होती. यमुताई, म्हणजे ती बाई, दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचं तोंड शरच्चंद्रने पहिल्यांदा पाहिलं आणि त्याला ते चुकीचं वाटलं; खोकल्यावरून त्याने दुसरंच तोंड ठरवलं होतं. सगळे बसले. आणि कोणीच बोलेना. यमुताईंचा भाऊ पाणी देऊन आत गेला, पुन्हा डोकावला, पुन्हा गेला. शोक अनावर झाला असेल असं त्याला वाटलं असावं. तसं काही नव्हतं. माणसं सवयीने थांबली होती. शरच्चंद्रच्या हे लक्षात आलं ते महादेवराव त्याच्याकडे ज्या तऱ्हेने पाहत होते त्यावरून: तोंड किंचित उघडं, परवानगीच्या प्रतीक्षेत. त्याने घसा खाकरला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून तो म्हणाला, "जांबघाट, बोला."

रामाजी बोलला. माणूस मोठ्या मनाचा होता म्हणाला, आपल्या म्हशीले औषध त्यानंच सांगितलं म्हणाला. "सालईमेटा, बोला." महादेवराव सरसावून बसले. त्यांना मनापासून दुःख झालेलं दिसत होतं, आणि मनापासून बोलायला गेलं की माणसाचं भान सुटतं. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही आता स्वतःला जपा. तुमचा तो कोरडा खोकला, ढास लागली की ऐकवत नसे. ज्येष्ठमध धरा तोंडात. आणि ती परात आता उचलत जाऊ नका, जड आहे."

यमुताईंनी मान वर केली. "परात?"

महादेवरावांच्या मानेवरून घामाचा ओघळ निघाला. ते शरच्चंद्रकडे पाहू लागले. पण कंट्रोलजवळ यासाठी काही सूचना नव्हती.

"तुमाले परात कशी माहीत?" यमुताई म्हणाल्या.

मग बटण सांगावं लागलं. काडी सांगावी लागली. शरच्चंद्रनेच सांगितलं, सरळ, कार्यालयीन भाषेत, म्हणजे कोणाचाच दोष नाही असं वाटेल अशा भाषेत. यमुताई ऐकत होत्या. खोकल्या नाहीत.

"सगळं आयकू येत होतं?"

"सगळं नाही वहिनी," रामाजी घाईघाईने म्हणाला, "गाडी जाऊन राहिली का मंग काहीच नव्हतं येत."

"आन् मी गेली त्या दिवशीचं?"

खाली सतरंजीवर एक मुंगी चालली होती. सगळे तिच्याकडे पाहू लागले. यमुताईंचा चेहरा तापला, मग हळूहळू निवला. त्या बराच वेळ सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या, चौदा वर्षांनी घरात पाहुणे आल्यासारखं. त्या रागावतील, सगळ्यांना बाहेर घालवतील, असं शरच्चंद्रला वाटत होतं; त्याने चपला कुठे काढल्या तेही आठवून ठेवलं. पण त्या म्हणाल्या, "मंग तुम्हीच आयकलं मले. त्यायनं तर नाही आयकलं." आणि हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या की आणखी कशाच्या, ते त्याला कळलं नाही, आवाज तोच होता, पण तोंड समोर असल्यामुळे गोंधळ होत होता. मग त्या त्याच्याचकडे वळल्या.

"तुमी मोठे साहेब. दिवसभर कानाले लावून बसता म्हणे. सांगा मले. मी गेल्यावर काही म्हणाले का ते? माह्याबद्दल?"

आला तो प्रश्न. जसाच्या तसा, प्रेमलताच्या शब्दांत. शरच्चंद्रला जाणवलं की खोलीतलं प्रत्येक माणूस श्वास रोखून आहे, दोन मिनिटं ठरवून पाळली होती त्याहून कितीतरी नेटकेपणाने. त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणालाही ते द्यायचं नव्हतं. त्याला हूं आठवली. दूध आठवलं. आपण घरी जेवताना प्रेमलताला काय म्हणतो ते त्याने आठवून पाहिलं आणि तिथेही त्याला बहुधा हूंच सापडली. आपण गेल्यावर तिला सांगायला तर कोणी लाइनही नसेल. त्याला एकदम घाम फुटला, उकाडा होताच. आणि लाइन पंधरा दिवस जे बोलत आली होती ते त्याने उचललं आणि मेलेल्या माणसाच्या तोंडात ठेवलं.

"रोज म्हणायचे," तो म्हणाला. "सोमवारी येईल ती, म्हणायचे. रोज सकाळी."

"म्हनत होते," रामाजी लगेच गडगडला. परवानगी त्याने घेतली नाही. "मी सोता आयकलं."

"मीसुद्धा," महादेवराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या क्षणी ते खोटं बोलत आहेत असं कोणी सिद्ध करू शकलं नसतं. वरच्या स्टेशनांचे दोघे-तिघे माना डोलवत होते. सगळ्या लाइनीने ऐकलेलं होतं. एवढे साक्षीदार एखाद्या खऱ्या गोष्टीलाही मिळत नाहीत. शरच्चंद्रला हलकं वाटलं, जवळजवळ आनंद म्हणावा असं. वाटलं की हे दोन शब्द आपण या बाईच्या हातात ठेवले, आता पुढची वर्षं ती ते उलटेपालटे करत बसेल, आणि तेवढ्यासाठी आलो हे बरं झालं.

यमुताईंनी पदराने तोंड पुसलं.

"सोमवारी?" त्या म्हणाल्या. "मी येणार नव्हती जी. सावनेरले खोली घेतली होती मी."